ताण

पंधरा दिवस झाले, मोगऱ्याचं पाणी तोडलंय.
पानं लोळली, कडेनं पिवळी पडली.
"ताण बसू दे," शालन म्हणते,
"सुखात असला की नुसता पानावर जातो."
हे ती माझ्याकडं बघून म्हणते.

संक्रांतीच्या आधी न्हाणीत घसरली.
उजवा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला,
डावा बोट दाखवायला मोकळा.
शुक्रवार पेठेतल्या या हातभर परसात
एकोणतीस वर्षं तिनंच छाटला हा बटमोगरा.
यंदा कात्री माझ्याकडं
आणि ती खुर्चीत, उन्हाकडं पाठ करून,
मुकादमासारखी.

उद्यमनगरात मी लाकडाचे पॅटर्न करायचो.
पंपाची बॉडी, गिअरची केसिंग,
अर्ध्या सुताची चूक नजरेनं धरायचो.
ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं,
म्हणून पॅटर्न हिशेबानं थोडा मोठा ठेवायचा.
इथं उलटं गणित:
वाढावं म्हणून कमी करायचं.
सागवान कापताना कधी हात थरथरला नाही,
पण या बोटाएवढ्या काडीत
पाणी चालतंय अजून,
हे कात्रीला कळतं, कात्रीकडून मला.

"आधी पानं ओरबाडा."
ओरबाडली.
"वाळकी काढा. एकमेकीला घासतात, त्यातली एक काढा."
कुठली?
"आत तोंड करून बसलीय ती."
"आता डोळा बघा. बाहेर बघणारा डोळा.
त्याच्या वर दोन सूत सोडून तिरका काप."
सूत हा शब्द तिनं माझ्यासाठी वापरला.
एरवी ती म्हणते, मुगाएवढं.
"गुडघ्याएवढा ठेवा सगळा."
कुणाच्या गुडघ्याएवढा, विचारलं
तर हसली, आणि हसताना हात दुखला
म्हणून मलाच बोलली.

मोमीनांची दिलशाद कुंपणावरून डोकावली:
"काका, झाड हाय का वैरी हाय?"
आणि छाटलेल्यातल्या सात-आठ काड्या घेऊन गेली
तेलाच्या डब्यात लावायला.

महापुराच्या वर्षी हाच मोगरा
पाच दिवस पाण्याखाली होता.
आम्ही शाळेच्या वर्गात, बाकं जोडून झोपलेले.
परत आलो तर चिखलात चार मळक्या काड्या.
मी म्हणालो, उपटून टाकू.
तिनं तांब्या-तांब्यानं चिखल धुतला,
वीतभर ठेवून बाकीचं कापलं,
मग घर धुवायला आत गेली.
त्या दिवशी घरात कोरडं असं काही नव्हतं.
कात्री होती,
रेशनकार्डाच्या पिशवीत घालून
तिनं डोक्यावरून नेलेली.

भिंतीकडची एक फांदी मात्र मी सोडली.
लांब, डौलदार, टोकाला दोन पोपटी पानं
ताणातसुद्धा तग धरून राहिलेली.
खुर्चीतून ती दिसत नव्हती,
असं मला वाटलं.

बुडं उकरली, आठ दिवस मुळांना ऊन दिलं.
शेणखत, माती, मग पाणी,
आधी थोडं, मग आळंभर.
महिनाभर नुसत्या खुंट्या.
रोज सकाळी जाऊन बघायचो,
तोंड धुवायच्या आधी.
ती विचारायची, "काय म्हणतोय?"
मी म्हणायचो, काही नाही.
मग एका सकाळी प्रत्येक डोळा उघडलेला,
तिरक्या कापाच्या खाली दोन-दोन फुटवे.

पाडव्याला पहिली कळी.
रामनवमीपर्यंत पातेलंभर.
प्लॅस्टर निघालंय, पण हात खांद्याच्या वर जात नाही.
संध्याकाळी ती डाव्या हातानं तोडते
आणि उजव्या तळव्यावर ठेवत जाते,
त्या हाताला अजून भार सोसत नाही,
कळ्यांचा तेवढा सोसतो.

भिंतीकडच्या फांदीला पानंच पानं.
कळी नाही. एकसुद्धा.

शालन त्यावर काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी बघतो तर
त्या फांदीवर माझा बनियन
वाळत घातलेला.